गुण, मगज आणि उतार

खडवली स्टेशनात कसाऱ्याहून आलेली लोकल पकडणाऱ्याला ओळखीच्या कुणी 'कुठं निघालात?' म्हणून विचारावं आणि त्यानं 'टाटाला' म्हणावं, की पुढचा प्रश्न येत नाही. फार तर चौथ्या सीटसाठी अंग आवळून जागा करून दिली जाते. मीठ, चहा, ट्रक, पोलाद सगळं टाटांचंच. तरी 'टाटाला जाणं' याचा अर्थ आसनगाव-वासिंदपासून थेट परळपर्यंत एकच लागतो: परळच्या कॅन्सर रुग्णालयात जाणं. कोशकारांनी हा वाक्प्रचार टिपून ठेवायला हरकत नाही.

त्यातला योगायोग असा, की या नावाच्या मुळाशी रक्ताचा कॅन्सर आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानं गेल्या. पती सर दोराबजी टाटा यांनी पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं न्यास स्थापन केला, तो मुख्यतः ल्युकेमियाच्या संशोधनासाठी. १९३२ सालीच दोराबजीही गेले. त्यांच्या स्वतःच्या न्यासानं परळचं रुग्णालय उभारलं आणि ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं.

तिथल्या ज्या फाइली लोकलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत मांडीवर दिसतात, त्यांतल्या काहींवर 'सीएमएल' अशी तीन अक्षरं असतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. पाश्चात्त्य देशांत हा बहुधा साठीच्या आसपास होणारा आजार. आपल्याकडे तो चाळिशीच्या आतबाहेर, म्हणजे कमावत्या वयात गाठतो. त्याचे शब्द ऐकूनच माणूस निम्मा होतो. ते फोडून पाहिले तर बरेचसे आपल्या भाऊबंदकीतले निघतात. आणि आजार नेमका कसा वागतो हे सांगणारे शब्द आपल्या बोलीत आधीपासून आहेत, ते फाइलवर कुणी लिहीत नाही एवढंच.

ल्युकेमियापासून सुरुवात करू. ग्रीकमध्ये 'ल्युकोस' म्हणजे पांढरा आणि 'हायमा' म्हणजे रक्त. १८४५ साली एडिंबरोत जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी काही आठवड्यांच्या अंतरानं असे रुग्ण नोंदवले, ज्यांच्या पोटात प्लीहा अतोनात वाढली होती आणि मृत्यूनंतर तपासलेलं रक्त पांढरट दिसत होतं. बेनेटला वाटलं, रक्तात पू झाला आहे. फिरखोनं घाई केली नाही. त्यानं जर्मनमध्ये 'पांढरं रक्त' एवढंच लिहिलं आणि दोन वर्षांनी त्याचं ग्रीक करून 'ल्युकेमी' हे नाव दिलं. मला त्याचं पहिलं नाव जास्त आवडतं. दिसलं तेवढंच ते सांगतं. 'ल्युकोस'चं नातं संस्कृतातल्या 'रुच्' या धातूशी आहे. रुच् म्हणजे चमकणं, आणि जे चमकतं ते आवडतं, म्हणून आपली रुची, रोचक, रुचणं. आजाराच्या नावात रुची बसलेली आहे, हे जरा विचित्रच. हिंदीत रक्त पांढरं होणं म्हणजे माया आटणं. मराठी माणूस रक्ताचं पाणी करतो, पांढरं करत नाही.

खरं तर रक्त दिसायला लालच असतं. सुईनं काढलेल्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरात पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असायच्या, त्या लाखाच्या घरात गेलेल्या असतात. पुष्कळदा हे कळतंही योगायोगानं: हर्नियाच्या ऑपरेशनआधी किंवा नोकरीच्या तपासणीसाठी सीबीसी केलेलं असतं आणि लॅबवाला दुसऱ्यांदा रक्त मागतो. ज्यांना त्रास होतो त्यांची तक्रार वेगळीच असते. डाव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घासांत पोट भरतं, घाम येतो, वजन उतरतं. यांतलं जडपण आणि चटकन पोट भरणं ही प्लीहेची करणी. प्लीहेला मराठीत पाणथरी म्हणतात, पानथरीही म्हणतात. हिवतापाच्या दिवसांत ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात पाणथरी वाढलेली पोरं सर्रास दिसत, म्हणून जुन्या माणसांना हा शब्द पाठ आहे. आजच्या पेशंटला 'स्प्लीन' कळतं आणि पाणथरी कळत नाही. 'स्प्लीन' तरी परका कुठं आहे? ग्रीक 'स्प्लेन' आणि संस्कृत 'प्लीहन्' ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत.

यापेक्षा रसाळ गोष्ट 'मायलॉइड'ची आहे. ग्रीक 'म्येलोस' म्हणजे मज्जा, हाडाच्या पोकळीतला मऊ गर. पण ग्रीकांनी पाठीच्या कण्यातल्या दोरीलाही म्येलोसच म्हटलं, कारण तीही हाडाच्या नळीत भरलेली मऊ वस्तू. त्यामुळे आजही वैद्यकात मायलायटिस हा कण्याचा आजार आणि मायलॉइड हा रक्ताचा. विद्यार्थी वैतागतात. पण मराठीनंही हाच घोटाळा स्वतंत्रपणे करून ठेवला आहे! मज्जारज्जू, मज्जातंतू, मज्जासंस्था यांतली मज्जा नसांची, आणि अस्थिमज्जेतली मज्जा रक्ताची. 'मज्जेचा आजार' म्हटल्यावर एखादा नातेवाईक 'म्हणजे नसा ना?' असं विचारतो, तेव्हा तो चुकलेला नसतो. भाषाच तशी आहे.

याच मज्जेचं इराणी भावंड म्हणजे फारसी 'मग्ज'. अवेस्तात 'मज्ग' आहे, त्याचा अर्थ मेंदू आणि मज्जा दोन्ही. फारसीतून तो आपल्याकडे मगज होऊन आला. खरबुजाच्या बियांचा मगज, मगज चालवणं, आणि दिवसभराची मगजमारी. म्हणजे मज्जा घरून आली, मगज पाहुणा म्हणून आला आणि दोघांनी एकमेकांना ओळखलंच नाही. आयुर्वेदानं मज्जेला सात धातूंमध्ये सहावी जागा दिली आणि रक्ताला दुसरी. दुसऱ्याची पैदास सहाव्यात होते हे मात्र १८६८ साली क्योनिग्सबर्गच्या अर्न्स्ट नॉयमान यांनी दाखवलं. पुढे दोनच वर्षांत ल्युकेमियाचं मूळही त्यांना तिथंच सापडलं. रक्ताचा कॅन्सर हा रक्ताचा नाहीच मुळी. रक्तात दिसतो, घडतो हाडात. कर्करोगातला खेकडाही इथं नाही. ग्रीक वैद्यांना गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून ते नाव पडलं. इथं गाठच नसते.

'क्रॉनिक'ला आपला चपखल शब्द जुनाट. जुना हा संस्कृत 'जूर्ण-जीर्ण' यांच्यातून उतरला. वैद्य जीर्णज्वर म्हणतात तो हाच. जीर्ण म्हणजे जिरलेलं, आणि न जिरलेलं ते अजीर्ण. सीएमएलला जुनाट म्हणतात ते त्याच्या पहिल्या टप्प्यावरून. हा टप्पा उपचार न करता तीन-पाच वर्षं रेंगाळतो, मग वेग धरतो आणि शेवटी ज्याला 'ब्लास्ट क्रायसिस' म्हणतात तिथं पोचतो.

या ब्लास्टनं फार घरांत उगाच धडकी भरवली आहे. 'डॉक्टर म्हणाले, ब्लास्ट झालेत' हे वाक्य १९९३चे बॉम्बस्फोट पाहिलेल्या मुंबई-ठाण्याच्या माणसानं कसं ऐकायचं? रक्तात काहीतरी फुटलं असंच त्याला वाटतं. हा शब्द इंग्रजी स्फोटाचा नाही. ग्रीक 'ब्लास्टोस' म्हणजे अंकुर, कोंब. न पिकलेल्या, वयात न आलेल्या पेशी म्हणजे ब्लास्ट. निरोगी मज्जेतही त्या थोड्या असतातच. सीएमएलच्या पहिल्या टप्प्यात पांढऱ्या पेशी भरमसाट होतात, पण निदान पिकून तयार होतात. शेवटच्या टप्प्यात पिकणं थांबतं आणि कोंबच कोंब माजतात. डॉक्टरांनी 'कोवळ्या पेशी वाढल्यात' एवढं म्हटलं तर बातमी तेवढीच गंभीर राहील, पण नातेवाइकांना ती समजेल तरी.

आता आजाराचं मूळ. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. ते दिसलं तेही नोवेल यांनी काचपट्ट्या साध्या नळाच्या पाण्यानं धुतल्या म्हणून. त्या पाण्यानं पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रं सुटी होऊन पसरली. सापडल्या शहराचं नाव द्यायचं अशी तेव्हा रीत होती, म्हणून ते फिलाडेल्फिया गुणसूत्र. ग्रीकमध्ये 'अडेल्फोस' म्हणजे भाऊ, आणि त्याची फोड होते 'एकाच गर्भातला'. संस्कृतातला 'सगर्भ्य' त्याच घडणीचा, 'सहोदर' त्याच कल्पनेचा. फिलाडेल्फिया म्हणजे बंधुप्रेम. आजच्या गोळ्या येण्यापूर्वी या आजारातून पूर्ण सुटण्याचा एकच रस्ता होता, दुसऱ्याची मज्जा घेण्याचा; आणि जुळण्याची सर्वांत जास्त शक्यता सख्ख्या भावंडाची, तीही चारात एक. शहराचं नाव ठेवणाऱ्यांच्या हे ध्यानीमनीही नसणार.

गुणसूत्र हा शब्द मात्र कुणीतरी विचार करून घडवला आहे. युरोपात त्याला 'रंगीत पिंड' अशा अर्थाचं नाव पडलं, कारण रंग दिल्यावर ते दिसतं. आपल्याकडेही रंगसूत्र म्हणत. गुणसूत्रात दोन्ही पदांचा अर्थ दोराच. संस्कृतात 'गुण' म्हणजे आधी दोरीचा पेड, धनुष्याची दोरी. दोन पेडांचं ते द्विगुण, तिथून दुप्पट, तिथून गुणाकार. मग पेडांसारखे वस्तूत विणलेले धर्म तेही गुण. एकाच शब्दात दोरा, स्वभाव आणि पट वाढणं, आणि सीएमएलमध्ये नेमकं हेच घडतं: दोरा तुटतो, स्वभाव बदलतो, पेशींचा गुणाकार सुरू होतो.

दोरा तुटतो कसा, ते १९७३ साली शिकागोच्या जॅनेट रौली यांनी दाखवलं. घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कातरून त्या जुळवत बसत. मुलं म्हणत, आई कागदी बाहुल्या खेळते. त्यांना दिसलं की आखूड झालेल्या २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तो ९ क्रमांकाच्या टोकाला लागला आहे, आणि नवाचा तुकडा बाविसाला. कल्याणला कसाऱ्याच्या गाडीचे मागचे डबे कर्जतच्या गाडीला लागावेत आणि कर्जतचे कसाऱ्याच्या, तसं. डबे तेवढेच, पण सांध्यावर जे दोन डबे शेजारी येतात ते पूर्वी कधी शेजारी नव्हते. त्या सांध्यावर एक नवंच जनुक तयार होतं, बीसीआर-एबीएल. यातलं 'एबीएल' हे हर्बर्ट एबलसन या डॉक्टरचं आडनाव कापून केलेलं. उंदरांत ल्युकेमिया घडवणारा विषाणू त्यांनी शोधला होता. ही अदलाबदल एकाच मूळपेशीत, माणूस जन्मल्यानंतर केव्हातरी होते. ती आईबापांकडून येत नाही, मुलांकडे जात नाही. किरणोत्सर्गानं तिचा धोका वाढतो हे हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्ये दिसलं. बाकी बहुतेकांत बोट ठेवावं असं कारण सापडत नाही. 'आमच्या घराण्यात तर कुणाला नव्हतं' असं म्हणणारी आजी बरोबरच बोलत असते.

नव्या जनुकापासून बनतं ते टायरोसीन कायनेज. नाव भयंकर, पण त्यातला 'टायरोस' म्हणजे चीज. १८४६ साली लीबिख यांना दुधाच्या केसीनमधून हे द्रव्य मिळालं. 'कायनेज'मधलं क्रियापद हलवण्याचं, सिनेमातही तेच आहे. पेशीला 'वाढ' असा इशारा देणारं हे विकर एरवी गरजेपुरतं चालू होतं आणि बंद पडतं. या आजारात ते बंदच होत नाही.

ते बंद कसं करायचं हे कळण्याआधी शंभर-सव्वाशे वर्षं जे हाती आलं ते दिलं गेलं. १८६५ पासून सोमल, म्हणजे आर्सेनिक. आर्सेनिक हा शब्दही भटकून आलेला: मुळात सोनेरी अशा अर्थाचा इराणी शब्द, ग्रीकांनी त्याचं 'आर्सेनिकॉन' केलं, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता पिवळा हरताळ. पोथीतलं चुकलेलं अक्षर पुसायला लेखनिक हाच लावत, म्हणून कामावर हरताळ फासणं. (संपाचा हरताळ वेगळा, तो हाटाला लागलेल्या ताळ्याचा.) शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी डॉक्टरकी करत असताना १८८२ साली 'लॅन्सेट'मध्ये ल्युकेमियाच्या एका रुग्णाबद्दल लिहिलं, त्यालाही आर्सेनिकच दिलं होतं. पाणथरी ओसरे, काही महिने बरे जात, मग सगळं पुन्हा मूळपदावर. पुढे क्ष-किरण, बुसल्फान, हायड्रॉक्सीयुरिया, इंटरफेरॉन आले. आकडे खाली येत, पण बहुतेकांत आजाराचा शेवटचा टप्पा टळत नसे.

जून १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ब्रायन ड्रकर यांनी एक गोळी पहिल्या रुग्णाला दिली. त्या विकराच्या खाचेत बरोबर बसून ती इशारा अडवते. १० मे २००१ रोजी तिला अमेरिकेत मान्यता मिळाली: इमॅटिनिब, नोव्हार्टिस कंपनीचं नाव ग्लिवेक. अशा औषधांच्या शेवटचं 'टिनिब' हे कुळाचं नाव, टायरोसीन कायनेज अडवणारं एवढाच त्याचा अर्थ. पुढची भावंडं नायलोटिनिब, बोसुटिनिब. डासॅटिनिब मात्र खास आहे. ते घडवणाऱ्यांपैकी रसायनशास्त्रज्ञ जगबंधू दास यांच्या आडनावावरून ते नाव पडलं. तेव्हा केमिस्टच्या काउंटरवर त्याला दासाटिनिब म्हणणाराच बरोबर! इमॅटिनिब वेळेवर सुरू केलेल्या रुग्णांच्या मूळ चाचणीत दहा वर्षांनी १०० पैकी ८३ जण हयात होते. ज्या आजारात तीन ते पाच वर्षं मोजली जायची, त्यात.

मग भांडण लागलं ते पुन्हा 'गुण' या शब्दावर. नोव्हार्टिसनं १९९८ साली चेन्नईत इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी पेटंट मागितलं. या वादाच्या काळात ग्लिवेकचा महिन्याचा खर्च साधारण १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार. कंपनीची मोफत औषध देण्याची योजनाही होती आणि तिच्यावर अनेक जण जगले, हे नोंदवायलाच हवं. पण दया वेगळी आणि हक्क वेगळा. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं पेटंटला विरोध केला. २००५ मध्ये सुधारलेल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) सांगतं, की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप 'एफिकसी' वाढवत नसेल तर तो नवा शोध मानायचा नाही. एफिकसी म्हणजे काय, यावर वर्षानुवर्षं वकिली झाली. नव्या स्फटिकांची भुकटी सुटी वाहते, ती ओल कमी धरते, उष्णतेत जास्त टिकते, आणि मूळ रूपापेक्षा औषध शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं, असं कंपनीचं म्हणणं. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयातून तिथं गेलेल्या न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला: औषधाच्या बाबतीत एफिकसी म्हणजे रोगावर होणारा परिणाम. भुकटीच्या वाहण्या-टिकण्याशी त्याचा संबंध नाही, आणि नुसतं जास्त शोषलं गेलं म्हणजे रोग जास्त हटला, हेही सिद्ध झालेलं नाही.

निकालपत्र लांबलचक आहे. मराठी माणसाला तो फरक दोन शब्दांत सांगता येतो. गुणधर्म वाढले, गुण वाढला नाही. औषधाला गुणधर्म असतात. गुण येतो तो पेशंटला. 'त्या वैदूच्या हाताला गुण आहे' म्हणताना कुणी त्याच्या हाताचे गुणधर्म सांगत नसतं. मराठी कायदेभाषा करणारे परिणामकारकता, कार्यक्षमता असे शब्द शोधत बसतात, तेव्हा मला हे हटकून आठवतं.

गुण आला, तरी आजार गेला असं सीएमएलचा डॉक्टर म्हणत नाही. तो 'रेमिशन' म्हणतो. नातेवाइकांना इथं काहीतरी लपवाछपवी वाटते. बरा झाला की नाही, सरळ सांगा ना! सरळ सांगायचा शब्द उतार. आजाराला उतार पडला. ताप उतरतो, विष उतरतं, नशा उतरते. उतरलेलं पुन्हा चढू शकतं हे त्या शब्दातच आहे, म्हणून तो 'बरा'पेक्षा प्रामाणिक. मूळ संस्कृत धातू 'तॄ', पार होणं. तीर्थ म्हणजे मुळात नदी पायी ओलांडण्याची जागा, आणि मराठीत तिलाही उतारच म्हणतात. खडवलीच्या भातसेला पावसाळ्यात उतार नसतो. तो आहे असं समजून सहलीला आलेली मुलं दरवर्षी पाण्यात जातात, आणि गावकरी ओरडून थकतात. पाणी ओसरलं की नदीला उतार पडतो, अगदी तापाला पडतो तसा. पार जाणारा तो उतारू, मग रेल्वेनं तो शब्द उचलला. विषावरचा उपाय उतारा. दृष्ट लागली म्हणून तिठ्यावर ठेवतात तो नारळ-भाताचा उतारा. आणि तलाठ्याकडचा सातबाराही उताराच. उपचारासाठी जमीन गहाण टाकायला निघालेल्या घरात एकाच आठवड्यात हे सगळे उतारे निघतात.

या आजारात उतार मोजताही येतो. दर तीन महिन्यांनी रक्तातल्या बीसीआर-एबीएलची पीसीआर होते. करोनानंतर हा शब्द नव्यानं समजावावा लागत नाही, फक्त काडी नाकात जात नाही हे सांगावं लागतं. आकडा ठरलेल्या प्रमाणपट्टीवर ०.१ टक्क्याच्या खाली आला की डॉक्टरांच्या कपाळावरची आठी जाते. इमॅटिनिबची गोळी मात्र रोज, जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासह. बरं वाटतंय म्हणून सोडली, गावच्या जत्रेत राहून गेली, की आकडा चढतो. आणि त्या काळात विकर आपला आकार बदलून गोळीला दाद न देणारं होऊ शकतं.

काही वर्षं आकडा फारच खाली राहिला, तर डॉक्टरांच्या देखरेखीत गोळी थांबवून बघतात. सुरुवातीला दर महिन्याला तपासणी. साधारण निम्म्यांचा आजार परत येत नाही. उरलेल्यांचा येतो तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर जवळजवळ सगळ्यांचा आकडा खाली जातो. फाइलीवर त्याची लांबलचक इंग्रजी नोंद होते. घरी फोन करून सांगताना 'परत उतार पडला' एवढं पुरतं.